बुधवारीच निघालेली गोदाबाई

गोदाबाईंना आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी बिनकामाचं बोलावलं होतं, आणि गावाला तेच पटत नव्हतं.

बोलावणारी होती त्यांची थोरली बहीण सुंदरी, सगळ्यांची अक्का. नवऱ्याच्या नोकरीपायी ती तीस वर्षांपूर्वी मलायात पेनांगला गेली ती तिकडचीच झाली. तिचं पत्र आलं त्रेपन्न सालच्या जानेवारीत. 'गोदे, कोणाचें लग्न नाहीं, कोणाचें बाळंतपण नाहीं. नुसती ये. समुद्र घरापासून पांच मिनिटांवर आहे. माझे गुडघे चालतात तोंवर दोघी मिळून वाळूंत बसूं. कामास हात लावूं देणार नाहीं.' कुंभकोणमच्या आमच्या मराठी घरांतली माणसं प्रवास करत नाहीत असं नाही. पण त्यांना निमित्त लागतं. मुंज, लग्न, बारसं, अस्थी, कोर्टाची तारीख. नुसतं जाऊन बसायचं, तेही समुद्र ओलांडून, हे ज्याला त्याला सांगताना गोदाबाईंच्या नाकी नऊ आले. 'सुट्टीसाठी' म्हटलं की समोरचा हळूच विचारी, 'अक्का बरी आहे ना?'

बाई त्रेपन्न वर्षांच्या. मुलींच्या शाळेत सव्वीस वर्षं शिवण शिकवत होत्या. पणजोबा म्हणे तंजावरच्या राजवाड्यात कापडकोठीवर होते. ते राज्यही गेलं, कोठीही गेली, सुई तेवढी घरात उरली. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की तमिळ. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली की गोदाबाईंचं खरं काम सुरू होई, कारण सगळ्या नातलगांची लग्नं वैशाखातच निघत, आणि 'गोदा घरीच आहे की' म्हणून चोळ्यांचं कापड घेऊन सगळा गोतावळा दारात उभा राही. सुट्टी हा शब्द त्यांनी सव्वीस वर्षं शाळेच्या फळ्यावर वाचला होता, इतकीच त्यांची आणि सुट्टीची ओळख.

त्यामुळे पत्र वाचून त्या आधी हसल्या, मग जरा रडल्या, आणि संध्याकाळी यजमानांना म्हणाल्या, "आम्हीं जावें."

यजमान म्हणजे राजगोपालराव. कुंभकोणमच्या स्टेशनात पार्सल ऑफिसात एकतीस वर्षं कारकुनी करून निवृत्त झालेले. गावातली पितळेची भांडी आणि विड्याच्या पानांच्या करंड्या त्यांच्या हातून देशभर गेल्या, पण ते स्वतः तिरुच्चीच्या पलीकडे कधी गेले नाहीत. जगात सामानाचं काय होतं हे त्यांना फार माहीत होतं. एकदा मदुरेला निघालेली पेटी बेजवाड्याला सापडली होती. एकदा चोवीस समयांच्या खोक्यात नुसता भुसा पोचला होता. या गोष्टी ते अशा सांगत की ऐकणाऱ्याला वाटावं, घरातून बाहेर पडणंच मूर्खपणाचं आहे. पण बायकोला त्यांनी नाही म्हटलं नाही. ते म्हणाले, "जाऊं. पण नीट तयारी करून जाऊं."

हेच ते वाक्य. गोदाबाईंना पुढे दोन वर्षं ते झोपेतही ऐकू येई.

पहिला उन्हाळा पासपोर्टात गेला. फोटो तीनदा काढले. पहिल्यात राजगोपालरावांच्या पगडीची सावली कपाळावर आली, दुसऱ्यात कान दिसत नव्हता, आणि कान दिसत नाही हे कुठल्याही अधिकाऱ्याने नव्हे, त्यांनीच शोधून काढलं. पोलीस चौकशीला आला तेव्हा त्याला यांनी इतके कागद दाखवले की तो बिचारा चहा न पिताच पळाला. पासपोर्ट हातात पडले तेव्हा शाळा उघडून महिना झाला होता. गोदाबाईंनी बहिणीला लिहिलं, पुढच्या वर्षी नक्की.

पुढच्या वर्षी मलायात शिरायची परवानगी आली, जहाजाच्या तारखा आल्या, आणि राजगोपालरावांच्या डोक्यात विमा आला. रेल्वेचं पार्सल हरवलं तर रेल्वेला जाब विचारता येतो. समुद्रात हरवलं तर कुणाला विचारायचं? आणि माणूसच पडला, पाय मोडला, परमुलखात हॉस्पिटलात निजावं लागलं, तर? कुंभकोणमात आयुष्याचा विमा विकणारे ढीगभर होते. प्रवासाचा विमा म्हटलं की ते डोकं खाजवत. पत्रं मद्रासला गेली, मद्रासहून आली, आणि मे महिना संपला. सुंदरीचं उत्तर या वेळी चारच ओळींचं होतं. 'गोदे, मीं सामानास बोलाविलें नाहीं, तुला बोलाविलें. पुढच्या वर्षीं न आलीस तर पुन्हां बोलावणार नाहीं.'

सुंदरी बोलली तसं करणारी होती. वडिलांशी एकदा अबोला धरला तो तिने चार वर्षं पाळला होता. गोदाबाईंनी ते पत्र यजमानांच्या पुढ्यात ठेवलं आणि म्हणाल्या, "हें वाचा. आणि तुमच्या तयारीस सांगा, एप्रिलाच्या आंत संपावयाचें."

पंचावन्नच्या मार्चमध्ये कृष्णमूर्ति सापडला. मद्रासच्या एका कंपनीचा नवा एजंट, सायकलवर फिरणारा, तिशीतला, कपाळावर ठळक विभूती. त्याच्याकडे जोडप्याच्या प्रवासाचा विमा होता. अपघात, आजारपण आणि सामान, तिन्ही एकाच कागदावर, तीस दिवसांसाठी. राजगोपालरावांचा चेहरा असा खुलला की गोदाबाईंना वाटलं, संपलं एकदाचं.

कसलं संपतंय! फॉर्म भरायला तीन संध्याकाळी लागल्या. सामानाची यादी करताना नाचियारकोविलची समई आली. सुंदरीला द्यायला गोदाबाईंनी मुद्दाम तिथे जाऊन ती घेतली होती, हंस बसवलेली, दोन हात उंच. ती एक वस्तू लिहायची की हंस निराळा, खांब निराळा, बैठक निराळी? कृष्णमूर्ति म्हणाला, एकच लिहा. राजगोपालराव म्हणाले, हंस तेवढा हरवला तर? कृष्णमूर्तीने कपाळावरचा घाम पुसला. गोदाबाई आतून म्हणाल्या, "हंस मी हातीं धरून नेईन. पुढें लिहा."

पुढचा रकाना होता, 'प्रवासास घरातून निघण्याचा दिवस व वेळ'. या दिवसापासून तीस दिवस मोजायचे.

आता इथे जे झालं ते आमच्याच लोकांकडून होऊ शकतं. जहाज नागपट्टणमहून रविवारी सुटणार होतं, म्हणजे घरातून शनिवारी सकाळी निघायचं. शनिवारी पूर्वेला दिशाशूल, त्या दिशेला पाऊल टाकायचं नाही. पेनांग पूर्वेला. अशा वेळी काय करायचं हे घरोघरी ठाऊक असतं. चांगल्या दिवशी, चांगल्या वेळेला प्रस्थान ठेवायचं. अंगावरचं एखादं वस्त्र, मूठभर तांदूळ, हळकुंड, सुपारी असं गाठोडं बांधून जायच्या वाटेवरच्या दुसऱ्याच्या घरात नेऊन ठेवलं की आपण निघालो असं धरतात. मग देह मागाहून शनिवारी निघो की आणखी केव्हा. मात्र ते गाठोडं परत घरात आणायचं नाही, जाताना वाटेत उचलायचं. पंचांगात बुधवारी सकाळी सहा वीसचा मुहूर्त निघाला होता.

राजगोपालरावांनी रकान्यात लिहिलं : बुधवार, सकाळी सहा वीस.

"मामा, पण तुमची गाडी शनिवारी ना?" कृष्णमूर्तीने विचारलं.

"गाडी शनिवारी. आम्ही बुधवारी निघतो. प्रस्थान आहे."

कृष्णमूर्तीच्या घरीही प्रस्थान ठेवत. त्याने मान डोलावली आणि सही केली. मद्रासच्या साहेबाच्या घरी बहुधा ठेवत नसावेत. पंधरा दिवसांनी तिकडून टाइप केलेलं पत्र आलं : विमेदार बुधवारी सकाळी घरातून निघून शनिवारी सकाळी पुन्हा घरातूनच निघणार असल्याचे दिसते, मधल्या तीन दिवसांत ते कोठे असतील याचा खुलासा व्हावा. राजगोपालरावांनी दोन पानी खुलासा लिहिला. आपण घरीच असू, परंतु निघालेले असू, असा त्याचा मथितार्थ होता. गोदाबाईंनी तो वाचला आणि डोक्याला हात लावला.

"अहो, शनवार लिहून टाका की."

"खोटें काशास लिहूं? बुधवारीं निघतों तर बुधवार. उद्यां कांहीं झालें तर म्हणतील, खोटें लिहिलें."

मद्रासने हात टेकले असावेत. एप्रिल संपता संपता विम्याचा कागद आला, बुधवारी सकाळी सहा वीसपासून सुरू होणारा. गोदाबाईंनी बहिणीला तार केली. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी स्वतःसाठी पातळ शिवलं, म्हणजे त्याच्या काठाला आतून पट्टी लावली, आणि ते ट्रंकेत सगळ्यांत वर ठेवलं.

राहिलं होतं टोचून घ्यायचं. देवीच्या लशीचा दाखला असल्याशिवाय जहाजावर पाऊल ठेवू देत नसत. गोदाबाईंना शाळेत तीनदा टोचलेलं होतं, दंडावर रुपयाएवढे वण होते. त्यांनी मार्चमध्येच पुन्हा टोचून घेऊन दाखला आणला होता. राजगोपालरावांचा दंड कोरा. लहानपणी त्यांच्या आईने मारियम्मनला, देवीचा रोग जिच्या हाती तिला, काहीतरी बोलून ठेवलं होतं, आणि पुढे स्टेशनात टोचणारे आले की हे कुठल्यातरी करंड्यांच्या मागे हरवलेली पावती शोधत असत. गोदाबाई महिनाभर आठवण करत होत्या. उत्तर येई, आज पंचमी, उद्या मंगळवार, परवा लस शिळी असेल. ज्या माणसाने हंसाचा विमा काढला त्याला स्वतःच्या दंडाची पाळी आली की कामं आठवत. शेवटी निघायच्या आदल्या आठवड्यातल्या शुक्रवारी त्या स्वतः त्यांना हॉस्पिटलात घेऊन गेल्या.

डॉक्टर म्हणाला, "पहिल्यांदाच आहे, तेव्हा आठव्या दिवशी फोड आलेला बघितल्याशिवाय मी दाखल्यावर सही करणार नाही. येत्या शुक्रवारी या. आणि दंडाला पाणी लावू नका. चोळू तर मुळीच नका."

येता शुक्रवार म्हणजे निघायच्या आदला दिवस. गोदाबाईंनी मनात मोजलं. बसत होतं, काठावर, पण बसत होतं.

दुसऱ्या दिवशी त्या शाळेत निकालाच्या कामाला गेल्या. बुधवारी पंकजाच्या, म्हणजे त्यांच्या भाचीच्या, चोळ्यांचं राहिलेलं शिवण संपवलं. त्याच दिवशी पहाटे दोघांनी गाठोडं बांधलं, एकच. त्यांचं धोतर आणि हिचं पातळ एकात एक गुंडाळून, तांदूळ, हळकुंड, सुपारी घालून गाठ मारली. सहा वीसला ते पूर्वेकडच्या तिसऱ्या घरात, अलमेलूच्या ओसरीवरच्या कोनाड्यात ठेवलं. अलमेलू ही शेजारची तमिळ सून, गोदाबाईंचीच जुनी विद्यार्थिनी. तिने दोघांना नमस्कार केला आणि म्हणाली, "मामी, निघालात." खरोखरच निघाल्यासारखं वाटलं गोदाबाईंना.

आणि शुक्रवारी सकाळी डॉक्टरने राजगोपालरावांचा दंड उलटासुलटा करून पाहिला. दंड स्वच्छ होता. फोड नाही, खपली नाही, लाल ठिपकासुद्धा नाही.

"पाणी लावलंत?"

राजगोपालराव छताकडे बघत होते.

"अहो, तुम्हांस विचारतात," गोदाबाई म्हणाल्या.

"शनवार होता," ते म्हणाले.

एवढंच. शनिवार होता. म्हणजे टोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, गोदाबाई शाळेत असताना, या माणसाने अंगाला गरम तिळाचं तेल लावून, शिकेकाईने खसखसा चोळून, दोन हंडे कढत पाण्याने अभ्यंग स्नान केलं होतं. कारण एकतीस वर्षं त्यांचं शनिवारचं तेल लावून न्हाणं चुकलं नव्हतं. आणि बुधवारी प्रस्थान ठेवल्यावर तेल लावता येत नाही, म्हणून हा शेवटचा शनिवार. त्यांनी तेही नीट तयारी करून केलं होतं.

"पुन्हा टोचतो," डॉक्टर म्हणाला. "आठ दिवसांनी या." त्याच्या दृष्टीने विषय संपला होता.

रस्त्यावर ऊन तापलं होतं. महामहम् तलावाच्या काठाने घरी येईपर्यंत गोदाबाई भराभर पुढे चालत होत्या. राजगोपालराव मागून बोलत होते. पुढचं जहाज साडेतीन आठवड्यांनी आहे. परवानगीची मुदत तोवर आहे. विमा मात्र सुरू झाला, तो नवा करून घ्यावा लागेल, कृष्णमूर्तीला लगेच बोलावू. शाळेकडून रजा मागता येईल. त्यांच्या आवाजात काळजी होती, पण काळजीच्या खाली दुसरंही काहीतरी होतं, सैल पडल्यासारखं, आणि ते गोदाबाईंना ऐकू आलं. लग्नाला चौतीस वर्षं झाल्यावर असलं ऐकू येतंच.

घराच्या पायरीवर त्या थांबल्या.

"मी उद्यां जातें."

"कोठें?"

"पेनांगास."

राजगोपालराव हसले. मग हसायचे थांबले. "एकटी? अगे, वेड लागलें काय? जोडप्याचा विमा आहे तो. एक जण गेला तर तो कागद रद्दी. वाटेंत कांहीं झालें तर कोणी विचारणार नाहीं."

"न विचारूं द्या."

"सामान हरवलें तर?"

"हरवूं द्या! समई हरवूं द्या, ट्रंक हरवूं द्या, पातळ हरवूं द्या!" गोदाबाईंचा आवाज इतका चढला की समोरच्या घराची खिडकी उघडली. शाळेतल्या मुलींनीही हा आवाज कधी ऐकला नव्हता. "दोन वर्षें तुम्हीं सामान बांधतां. मी कोठें आहें त्यांत? अक्का म्हणते पुन्हां बोलावणार नाहीं. तिचे गुडघे तुमच्या जहाजाची वाट पाहतील काय?"

"लोक काय म्हणतील? बायको पुढें, नवरा मागें. आणि दोघांचें प्रस्थान ठेविलेलें आहे. परत फिरलों तर दोघांनीं फिरावें."

"परत कोण फिरतें? मी बुधवारीं निघालें. सकाळीं सहा वीसास. तुम्हींच लिहिलें, खाली सही आहे तुमची. मद्रासच्या साहेबास दोन पानें लिहिलींत कीं घरीं असलों तरी निघालेले असूं. मग मी निघालेली आहें. निघालेल्या माणसास घरांतला माणूस थांबवीत नसतो."

राजगोपालरावांना आपल्याच खुलाशात चूक सापडत नव्हती.

गोदाबाई घरात गेल्याच नाहीत. तशाच तिसऱ्या घरी गेल्या. अलमेलू ओसरीवर वड्यांची डाळ निवडत होती. त्यांनी कोनाड्यातलं गाठोडं काढलं आणि तिथेच बसून गाठ सोडू लागल्या.

"मामी! प्रस्थान सोडतात का असं?"

"सोडत नाही. निवडते आहे."

गाठ राजगोपालरावांनी मारलेली, पार्सलाची, दुहेरी. शिवणाच्या बाईची बोटंसुद्धा तिथे हरली, शेवटी दातांनी ओढली. पातळ बाहेर आलं, त्याला गुंडाळलेलं धोतर बाहेर आलं. त्यांनी तांदूळ दोन मुठींत वाटले. हळकुंड पातळात बांधलं, सुपारी धोतरात. पातळाचं लहान गाठोडं त्यांनी पुन्हा कोनाड्यात ठेवलं. धोतर हातात घेऊन त्या बराच वेळ बसून राहिल्या. ते परत घरी न्यायचं नाही, आणि इथे तरी का ठेवायचं?

"हेही राहू दे तुझ्याकडे," त्या म्हणाल्या. "त्यांचं ते बघतील केव्हा निघायचं ते."

अलमेलूने ते कोनाड्यात पातळाच्या गाठोड्याशेजारी ठेवलं. शहाणी पोर.

शनिवारी सकाळी राजगोपालराव पोचवायला निघाले. गोदाबाईंना वाटलं होतं ते रुसतील, जेवणार नाहीत, निदान पडून तरी राहतील. तसं केलं असतं तर बरं झालं असतं, जायला सोपं गेलं असतं. त्यांनी मात्र पहाटे उठून ट्रंकेच्या चारी बाजूंना नाव घातलं, समईला गोणपाट शिवलं, आणि अलमेलूच्या घरासमोर गाडी थांबवून बायकोचं गाठोडं स्वतः उतरवून आणलं. कोनाड्यातल्या दुसऱ्या गाठोड्याकडे त्यांनी पाहिलं की नाही ते गोदाबाईंना दिसलं नाही. मायावरमला गाडी बदलताना त्यांनी हमालाशी भांडून ट्रंक स्वतःच्या डोळ्यांसमोर चढवून घेतली. वाटेत बोलले ते एवढंच, की पाणी उकळलेलंच प्यायचं, आणि दाखला ट्रंकेत नव्हे, कनवटीला ठेवायचा.

नागपट्टणमला रात्र एका धर्मशाळेत काढून सकाळी ते बंदरावर आले. जहाज किनाऱ्याला लागत नव्हतं, आत खोल पाण्यात उभं होतं, आणि माणसांना होड्यांतून नेत होते. गोदाबाईंच्या दाखल्यावर शिक्का पडला. ट्रंक होडीत गेली. समई गेली.

राजगोपालराव पाण्यापासून चांगले वीस हात मागे उभे होते. लाट पुढे आली की ते आणखी एक पाऊल मागे सरत. गोदाबाईंच्या ते तेव्हा ध्यानात आलं. नागपट्टणम घरापासून चार तासांवर, पण चौतीस वर्षांत त्यांनी कधी समुद्रावर नेलं नव्हतं. वेदारण्यमला सगळे आषाढी अमावास्येच्या समुद्रस्नानाला गेले तेव्हाही हे 'पार्सलची गर्दी आहे' म्हणून राहिले होते.

त्या वाळूतून परत त्यांच्यापर्यंत चालत आल्या.

"तुम्हांस समुद्राचें भय वाटतें," त्या म्हणाल्या.

राजगोपालरावांनी मान हलवली. डोळे पाण्यावर होते. "लहानपणापासून."

"मग दोन वर्षांपूर्वीं कां सांगितलें नाहीं? एवढे कागद, एवढे फोटो, तो विमा! पहिल्याच दिवशीं सांगावयाचें होतें."

"सांगितलें असतें," ते हळूच म्हणाले, "तर तूं गेली नसतीस."

गोदाबाईंना चीड आली, इतकी की डोळ्यांत पाणी आलं. कारण ते खरं होतं. दोन वर्षांपूर्वी, त्या जानेवारीच्या संध्याकाळी त्यांनी एवढं म्हटलं असतं, तर त्या 'बरें' म्हणाल्या असत्या. अक्काला लिहिलं असतं की ह्यांना झेपत नाही. चोळ्या शिवत बसल्या असत्या, आणि मनातसुद्धा कुरकुरल्या नसत्या. दोन वर्षं या माणसाने टाळाटाळ केली म्हणून त्यांना राग यायला लागला, आणि राग आला म्हणून त्या आज इथे उभ्या होत्या. हे त्यांचे उपकार मानायचे, की त्यांना तिथेच धरून गदागदा हलवायचं, ते त्यांना कळेना. आणि विचार करायला होडीवाला वेळ देत नव्हता.

"बाई, चला, लाट बरी आहे तोवर," तो ओरडला.

"औषध ताकासोबत घ्या," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"तूं जा," ते म्हणाले.

होडीवाल्याने हात दिला. गोदाबाई पातळ गुडघ्यापर्यंत उचलून चढल्या. होडी हलली तेव्हा बाकीच्या सगळ्या बायका किनाऱ्याकडे तोंड करून रडत होत्या. गोदाबाईंना माहीत होतं, आपण एकदा जरी मागे पाहिलं तर उतरून जाऊ. त्या ट्रंकेवर जहाजाकडे तोंड करून बसल्या आणि दोन्ही हातांनी फळी घट्ट धरली.